बाटलीबरोबरचा कागद कुठे जातो?

पऱ्हाटी गुडघ्याच्या वर गेली की कृषी सेवा केंद्रातून औषधाच्या बाटल्या घरोघर येऊ लागतात. प्रत्येक बाटलीबरोबर एक कागदही यायला हवा. कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, आठ-दहा घड्या घातलेला, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांचा. हा कागद पुढे जातो कुठे, याचा माग काढला तर बहुधा तो दुकानातल्या खोक्यातच राहिलेला असतो. घरापर्यंत आलाच तर पुडका फोडताना धुऱ्यावर पडतो आणि वाऱ्याबरोबर दुसऱ्याच्या वावरात जातो. विचारले तर उत्तर ठरलेले, "एवढं कोण वाचत बसते भाऊ? दुकानदारानं सांगितलं न किती झाकणं टाकायची."

झाकणांचा हिशेब दुकानदार सांगतो, हे खरे. पण फवारता फवारता माणूस चक्कर येऊन पडला तर त्याला काय द्यायचे आणि काय मुळीच द्यायचे नाही, हे त्या झाकणावर लिहिलेले नसते. ते त्या कागदावर लिहिलेले असते.

सन २०१७ चा हंगाम आपण विसरलेलो नाही. त्या वर्षी यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० हून अधिक माणसे दगावली आणि शेकडो माणसे दवाखान्यात भरती झाली. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, हवेत दमट उकाडा, हातात बारीक तुषार उडवणारे नवे पंप आणि पंपात दोन-तीन औषधांचे मिश्रण. मेलेल्यांमध्ये स्वतःचे वावर नसलेले, रोजाने फवारणीला गेलेले मजूर बरेच होते. पुढे सरकारने यवतमाळ, अकोला, अमरावती, बुलडाणा आणि वाशिम या जिल्ह्यांत पाच औषधांच्या विक्रीवर ६० दिवसांची बंदी घातली. चौकशा झाल्या, हातमोजे आणि मास्क वाटले गेले. या सगळ्यात एका गोष्टीकडे मात्र म्हणावे तसे लक्ष गेले नाही. दवाखान्यात आलेल्या माणसाच्या अंगात नेमके कोणते विष गेले आहे, हे सांगायला त्याच्याजवळ काहीच नव्हते. मजुराला मालकाने पंप भरून दिला, मालकाला दुकानदाराने बाटल्या दिल्या. रात्री तांड्यावर किंवा बेड्यावर तो माणूस उलट्या करू लागला तेव्हा बाटली होती मालकाच्या गोठ्यात आणि कागद होता दुकानातल्या खोक्यात.

आता कोणी म्हणेल, विष ते विष, डॉक्टर काय ते बघून घेतील. इथेच मोठा गैरसमज आहे. सगळ्या विषांवर एकच उतारा नसतो. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, अॅसिफेट ही सारी ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधे. यांच्या विषबाधेत घाम सुटतो, तोंडाला लाळ आणि डोळ्यांना पाणी येते, डोळ्याची बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते, छाती भरून येते. यावर अॅट्रोपिनचे इंजेक्शन हा उतारा आहे आणि वेळेत पुरेसे मिळाले तर माणूस वाचतो. पण सायपरमेथ्रीन, लॅम्डा सायहॅलोथ्रीन ही पायरेथ्रॉइड गटातली. त्यांना असा खास उतारा नाही. त्वचेची आग होते, मुंग्या येतात; लक्षणे पाहून उपचार करावे लागतात. इमिडाक्लोप्रिड, फिप्रोनिल यांचेही तसेच. तणनाशकांपैकी पॅराक्वाटची गोष्ट तर आणखी वेगळी. त्यावर उतारा नाहीच, उलट इतर रुग्णांना सहज लावला जाणारा ऑक्सिजन या रुग्णाला जपून द्यावा लागतो, कारण त्याने फुप्फुसाची हानी वाढते. म्हणजे एका विषावर जो उपचार तारतो तोच दुसऱ्यावर निरुपयोगी आणि तिसऱ्यावर घातक. डॉक्टर हुशार असला तरी त्याला विषाचे नाव कळल्याशिवाय तो अर्धा आंधळा असतो.

आणि नाव म्हणजे बाटलीवरचे मोठे रंगीत नाव नव्हे. ते व्यापारी नाव. एकच विष वीस कंपन्या वीस नावांनी विकतात आणि दरवर्षी त्यात नव्या नावांची भर पडते. डॉक्टरला ती पाठ असणे शक्य नाही. त्याखाली लहान अक्षरांत लिहिलेले तांत्रिक नाव आणि त्यापुढचा टक्का महत्त्वाचा. सायपरमेथ्रीन १० टक्के ईसी आणि सायपरमेथ्रीन २५ टक्के ईसी ही दोन्ही दुकानात मिळतात. पहिल्याचे माप दुसऱ्याला लावले तर पंपात अडीचपट विष जाते.

थोडे मागे जाऊ. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे भोपाळच्या दवाखान्यांपुढे माणसांचे लोंढे लागले तेव्हा डॉक्टरांना हा वायू कोणता आणि त्यावर उपचार कोणता हेच कळेना. कारखान्याकडे माहिती होती, गावाकडे नव्हती. तो कारखाना काय करत होता, तर कार्बारिल नावाचे कीटकनाशक, म्हणजे आपल्याच शेतात पूर्वी धुरळली जाणारी पावडर. त्या घटनेनंतर १९८६ साली पर्यावरण संरक्षण कायदा झाला आणि त्याखाली १९८९ मध्ये घातक रसायनांची निर्मिती, साठवण व आयात यांचे नियम आले. या नियमांनी कारखानदारावर बंधन घातले की प्रत्येक घातक रसायनाचे सुरक्षा माहितीपत्रक तयार ठेवायचे आणि मागणाऱ्याला दाखवायचे. कारखान्यातले लोक त्याला एमएसडीएस किंवा सेफ्टी डेटा शीट म्हणतात. पुढे २००३ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी साऱ्या जगासाठी त्याचा एक साचा ठरवला. त्यात १६ भाग असतात.

हा नियम कारखान्यांना आणि मोठ्या साठ्यांना आहे, तुमच्या-आमच्या गोठ्यातल्या चार बाटल्यांना नाही. शेतकऱ्यासाठी १९६८ चा कीटकनाशक कायदा आणि १९७१ चे नियम आहेत. त्यांत लेबल कसे असावे आणि पुडक्यात माहितीपत्रक असलेच पाहिजे हे स्पष्ट लिहिले आहे. कोणत्या पिकावर, कोणत्या किडीला, किती माप, विषबाधेची लक्षणे, प्रथमोपचार, उतारा, रिकाम्या डब्याची विल्हेवाट, हे सगळे त्यात हवे. तेही हिंदी, इंग्रजी आणि त्या भागातल्या भाषेत. म्हणजे मराठीतला मजकूर ही कंपनीची मेहेरबानी नाही, तो तुमचा हक्क आहे. दुकानदाराने सुटी बाटली हातात ठेवली तर "कागद द्या" म्हणायला संकोच करू नका. मागितल्याबरोबर तो बहुधा खोक्यातून काढून देतो. आजवर कोणी मागत नव्हते म्हणून तो देत नव्हता, एवढेच.

हे माहितीपत्रक आणि कारखान्यातले १६ भागांचे सुरक्षा पत्रक यांत फरक आहे. पहिले वापरणाऱ्यासाठी आटोपशीर केलेले असते. दुसरे सविस्तर असते आणि कंपन्या ते आपल्या संकेतस्थळावर ठेवतात, बहुधा इंग्रजीत. गावात कॉलेजला जाणारा एखादा पोरगा-पोरगी असली तर मोबाइलवर पाच मिनिटांत काढून देईल. सोळाही भाग वाचायची गरज नाही. दुसऱ्या भागात धोका कोणता ते असते, चौथ्यात प्रथमोपचार, सातव्यात हाताळणी व साठवण, आठव्यात अंगावर काय घालायचे, तेराव्यात विल्हेवाट. अकरावा विषारीपणाचा, डॉक्टरच्या कामाचा. बाकीचे वाहतूकदार, अग्निशमनवाले आणि अधिकारी यांच्यासाठी.

ही पत्रके तयार कशी होतात, हेही माहीत असावे, म्हणजे त्यांच्यावर किती भिस्त ठेवायची ते कळते. उंदरांवर तोंडावाटे आणि त्वचेवर चाचण्या होतात. मासे, मधमाश्या यांच्यावर होतात. जितक्या मात्रेने चाचणीतले निम्मे प्राणी मरतात ती मात्रा, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे किती मिलिग्रॅम, हा आकडा काढला जातो. त्यावरूनच बाटलीवरच्या चौकटीचा रंग ठरतो. तोंडावाटे ५० मिलिग्रॅमपर्यंत असेल तर लाल, ५१ ते ५०० पिवळा, ५०१ ते ५,००० निळा आणि त्यापुढे हिरवा. लालमध्ये कवटी आणि हाडे असतात. लाल रंगाची कमाल मर्यादा ६० किलोच्या माणसाला लावून पाहिली तर हिशेब ३ ग्रॅमवर येतो. चहाच्या चमच्यात मावेल एवढे.

रंगाचा उपयोग आहे, पण रंगावर विसंबू नका. पॅराक्वाटच्या बाटलीवर पिवळा रंग असतो, लाल नव्हे. आणि त्याच पॅराक्वाटला उतारा नाही, हे वर आलेच आहे. किती मात्रेने मरण येते एवढेच रंग सांगतो. वाचवता येते की नाही हे सांगत नाही. "पिवळं हाय, चालते" असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

आणखी एक गोष्ट. ही पत्रके एकेका औषधाची असतात. कंपनीने स्वतः दोन औषधे मिसळून विकली तर त्या मिश्रणाची चाचणी झालेली असते. पण आपण ड्रममध्ये कीटकनाशक, बुरशीनाशक, टॉनिक आणि वरून विद्राव्य खत असा जो काला करतो, त्याचे पत्रक जगात कुठेही नाही. कोणी त्याची चाचणी केलेली नाही. त्या दिवशी चाचणीचा उंदीर पाठीवर पंप घेतलेला माणूस असतो.

प्रथमोपचाराच्या भागावर जरा थांबू, कारण गावात याबाबत जुन्या समजुती घट्ट आहेत. विष पोटात गेले की मिठाचे पाणी पाजून उलटी काढायची, ही आपली पहिली धाव. ईसी म्हणजे पाण्यात टाकल्यावर दुधासारखी पांढरी होणारी औषधे. ती पेट्रोलियमसारख्या द्रावकात विरघळवलेली असतात. उलटी करवताना ते द्रावक श्वासनलिकेतून फुप्फुसात उतरते आणि माणूस विषाने नाही तर त्याने जातो. म्हणून अशा बाटल्यांच्या पत्रकावर उलटी करवू नका, असे ठळक लिहिलेले असते. बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर काहीही घालायचे नाही. दूध, तूप, तेल पाजण्याचाही काही फायदा नाही. फवारताना विषबाधा झाली असेल तर विष तोंडातून कमी आणि कातडीतून, श्वासातून जास्त गेलेले असते. तेव्हा पहिले काम म्हणजे त्याला वावराबाहेर मोकळ्या हवेत आणणे, अंगावरचे ओले कपडे काढणे आणि साबण-पाण्याने भरपूर धुणे. डोळ्यांत गेले असेल तर १५ मिनिटे स्वच्छ पाण्याची धार. धुणाऱ्यानेही हातमोजे घालावेत, नाहीतर एकाचे दोन रुग्ण होतात.

पाणी सगळीकडे चालते असेही नाही. धान्यात ठेवायची अॅल्युमिनिअम फॉस्फाइडची गोळी घ्या. ओल लागली की तिच्यातून फॉस्फिन वायू सुटतो, म्हणून तिच्या पत्रकावर आग लागली तर पाणी मारू नका असे असते. २००१ सालच्या आदेशाने या गोळ्यांच्या १० आणि २० गोळ्यांच्या नळ्या बंद झाल्या. पण जुन्या किंवा इकडून-तिकडून आलेल्या गोळ्या घराघरात सापडतात, आणि पावसाळ्यात ज्या खोलीत पोत्यांना गोळ्या लावल्या त्याच खोलीत माणसे झोपतात. बाटलीवरच्या नियमाने गोळी हाताळायची नसते. प्रत्येकाचा कागद वेगळा तो यासाठी.

अंगावर काय घालायचे याबद्दल खूप बोलले जाते. भर उकाड्यात रबरी कोट घालून दिवसभर पंप मारणे शक्य नाही, हे मला रोज वावरात दिसते आणि फक्त उपदेश करून ते बदलणार नाही. पण पत्रक नीट वाचले तर एक गोष्ट कळते. बाटलीतले औषध पंपातल्या पाण्यापेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असते. समजा १५ लिटर पाण्यात ३० मिलिलिटर टाकले, तर बाटलीतला थेंब पंपातल्या थेंबापेक्षा ५०० पटींनी कडक झाला. म्हणजे सर्वांत मोठा धोका मापताना आणि ओतताना. दिवसभर नाही तरी त्या पाच मिनिटांत रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा एवढे तरी कोणालाही जमण्यासारखे आहे. काडीने ढवळा, हाताने नको. तोंडाला बांधलेला रुमाल औषधाने ओला झाला की तो गाळणी राहत नाही, विषाची पट्टी होतो, तो बदला. वाऱ्याच्या विरुद्ध चालू नका आणि दुपारच्या उन्हात फवारू नका. हे तुम्हाला ठाऊक आहे.

रिकाम्या डब्यांबद्दल एकच उदाहरण पुरे. २०१३ च्या जुलैत बिहारमधल्या सारण जिल्ह्यात गंडामन गावच्या शाळेत मध्यान्ह भोजन खाऊन २३ मुले मेली. जेवणाच्या तेलात मोनोक्रोटोफॉस निघाले. डबा तीनदा धुऊन ते पाणी पंपातच ओतायचे आणि डब्याला भोके पाडायची, म्हणजे तो तेल-रॉकेलला घरात वापरता येत नाही. मोनोक्रोटोफॉस ३६ टक्के द्रावणाचे उत्पादन बंद करण्याचा आदेश केंद्र सरकारने अखेर २०२३ मध्ये काढला. यवतमाळनंतर सहा वर्षांनी आणि गंडामननंतर दहा वर्षांनी.

आता सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी, पोलीस पाटील आणि आशाताई यांच्याशी बोलायचे आहे. शेतकऱ्याने कागद सांभाळला तरी मजुराजवळ तो नसतो. म्हणून गावाने स्वतःचे एक पत्रक तयार करावे, असे माझे म्हणणे आहे. यासाठी निधी लागत नाही. गावात दरवर्षी वापरली जाणारी औषधे फार तर पंधरा-वीस. दुकानदार आणि कृषी खात्याचा गावातला माणूस यांना बसवून त्यांची यादी करा. प्रत्येकापुढे व्यापारी नावे, तांत्रिक नाव व टक्का, गट, रंग, उलटी करवायची की नाही, आणि कंपनीच्या पत्रकात दिलेला उतारा जसाच्या तसा उतरवा. स्वतःच्या डोक्याने त्यात भर घालू नका. खाली १०८ आणि दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा १८०० ११६ ११७ हा नंबर लिहा. जवळच्या कोणत्या दवाखान्यात व्हेंटिलेटर आहे तेही लिहा, कारण अॅट्रोपिन देऊनही श्वास बंद पडला तर त्याचीच गरज लागते. ही यादी मोठ्या अक्षरांत ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावा, एक प्रत आशाताईंकडे आणि एक प्राथमिक आरोग्य केंद्रात. आरोग्य केंद्राला प्रत दिली की आपल्या भागात कोणते उतारे साठ्यात हवेत याचाही अंदाज तिथल्या डॉक्टरांना हंगामाआधी येतो. विषबाधा झाल्यावर अॅट्रोपिन शोधायला जिल्ह्याला गाडी पाठवण्यापेक्षा हे बरे.

फवारणीला मजूर सांगणाऱ्या शेतकऱ्यांना एक विनंती. पंप भरायच्या आधी बाटलीच्या लेबलचा मोबाइलवर फोटो काढा आणि मजुराच्या घरच्या कोणाच्या तरी मोबाइलवर पाठवा. त्याच्या घरी स्मार्टफोन नसेल तर तांत्रिक नाव चिठ्ठीवर लिहून खिशात द्या. औषधे मिसळली असतील तर सगळ्यांची नावे. तो आजारी पडला तर बाटली, कागद किंवा फोटो यांपैकी एक तरी दवाखान्यात पोहोचलेच पाहिजे.

काही मालक बाटली दाखवायला कचरतात, पोलीस केस होईल म्हणून. भीती समजण्यासारखी आहे, पण तिची किंमत दुसऱ्याच्या जिवाने द्यायची का? आणि खरे पाहता कागद मालकाच्या बाजूचाच पुरावा असतो. पक्के बिल, त्यावरचा बॅच नंबर, बाटली आणि पत्रक हाती असेल तर औषध भेसळीचे होते की मापात चूक झाली, हे तपासता येते. २०२० साली यवतमाळच्या बाधित कुटुंबांच्या वतीने थेट स्वित्झर्लंडमधल्या बासेलला एका कीटकनाशक कंपनीवर दावा लावला गेला. कंपनीने जबाबदारी नाकारली. अशा दाव्यात पहिला प्रश्न हाच असतो की त्या दिवशी त्या पंपात नेमके कोणते औषध होते. ज्याच्याकडे बिल नाही त्याच्याकडे या प्रश्नाचे उत्तर नाही. कच्च्या चिठ्ठीवर किंवा उधारीच्या वहीवर औषध घेणाऱ्यांनी निदान बिलाची प्रत तरी मागून घ्यावी. उधारीवर घेतले तरी बिल द्यायला दुकानदार बांधलेला आहे.

१ मेच्या ग्रामसभेत ही यादी मंजूर करून घेता येईल. १५ ऑगस्टच्या ग्रामसभेपर्यंत फवारणी जोरात आलेली असते, तेव्हा त्या हंगामात दुकानात आलेली नवी नावे यादीत चढवावीत. यादी करताना एखाद्या औषधाचे मराठी पत्रक मिळालेच नाही, तर त्या औषधाचे नाव, कंपनी आणि बॅच नंबर लिहून पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्यावी आणि पोच घ्यावी.